ठिपक्यांवरून नर-मादी ठरत नाही: हेकरूच्या फिरत्या चित्राचा प्रतिवाद

पावसाळी बंदी उठून बोटी दर्यात उतरल्या की कोकणातल्या गरीवाल्यांच्या, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांच्या, फोनवर एक चित्र फिरायला लागतं. एकाखाली एक चार-पाच हेकरू मासे (इंग्रजीत ग्रुपर), शेजारी बाण, बाणांपुढे माहिती. मजकुराचा मथितार्थ असा: हेकरू हा एकच मासा. नारिंगी ठिपक्यांचा असेल तर मादी, काळ्या ठिपक्यांचा असेल तर नर. अंगावर पट्टे असतील तर ते पिल्लू, वाढलं की पट्टे जातात. शेपूट सगळ्यांची गोल, तिथे बघायची गरज नाही. लाल दिसला तर तो हेकरू नव्हेच, तांबोशी (इंग्रजीत रेड स्नॅपर). वीस किलोच्या वर गेला की तो राक्षसी हेकरू. सगळ्यांचं शास्त्रीय नाव एपिनेफेलस टॉव्हिना. आणि शेवटी सल्ला: चव एकच, तेव्हा नावाच्या भानगडीत पडू नका.

मालवणपासून पालघरपर्यंत आणि खाली गोव्यातही, जिथे याच माशाला गोब्रा म्हणतात, हे चित्र लोक विश्वासाने पुढे पाठवतात. नव्याने गरी हातात धरलेली मुलं त्यावरून मासा ओळखायला शिकतात. त्यात खरं फार थोडं आहे, आणि जे खोटं आहे ते निरुपद्रवी नाही. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देतो.

नारिंगी ठिपके मादी, काळे ठिपके नर

हा सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात चुकीचा दावा. नारिंगी ठिपक्यांचा हेकरू म्हणजे एपिनेफेलस कॉयोइड्स आणि काळ्या ठिपक्यांचा म्हणजे एपिनेफेलस मलबारिकस. या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिलीचं वर्णन हॅमिल्टनने 1822 साली केलं, दुसरीचं त्याआधी 1801 साली ब्लॉख आणि श्नायडर यांच्या ग्रंथात आलं. दोन्ही जातींत माद्याही असतात, नरही असतात.

यातली गोम हेकरूच्या आयुष्यक्रमात आहे. हे मासे आधी मादी म्हणून वयात येतात आणि पुढे मोठे झाल्यावर त्यातल्या काहींचे नर होतात. कॉयोइड्स साधारण 25 ते 30 सेंटिमीटर लांबीला मादी म्हणून अंडी धरू लागतो. नर होण्याचा बदल बहुतेक 55 ते 75 सेंटिमीटरच्या दरम्यान होतो. आता फिरत्या दाव्याला हे लावून बघा. काळे ठिपके नराची खूण असती, तर काळ्या ठिपक्यांचा प्रत्येक मासा मोठाच असायला हवा होता. प्रत्यक्षात खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाच्या कडेला, पाव किलोचे काळ्या ठिपक्यांचे हेकरूही गरीला लागतात. एवढ्या लहान वयात तो नर झालेला नसतो. उलट बाजूने, हातभर लांबीचा नारिंगी ठिपक्यांचा मासा कापला आणि आत अंड्यांऐवजी पांढरं वीर्यकोशाचं मांस निघालं, तर त्यातही नवल नाही. तो नर झालेला कॉयोइड्स आहे, आणि ठिपके मात्र त्याचे नारिंगीच राहिलेत. लिंग बदलतं तेव्हा ठिपक्यांचा रंग बदलून एक जात दुसरी होत नाही.

मग या दोघांना वेगळं करायचं कसं? ताजा मासा हातात असेल तर अवघड नाही. कॉयोइड्सच्या अंगाचा रंग वरून फिकट तपकिरी, पोटाकडे पांढुरका. त्यावर नारिंगी ते विटकरी ठिपके. लहान माशात ते बुबुळाएवढे ठसठशीत असतात, मासा वाढतो तसे अंगाच्या मानाने बारीक आणि संख्येने जास्त होतात. मलबारिकसवरचे ठिपके काळपट, बारीक, एकमेकांपासून सुटे. पण माझ्या मते त्याची खरी खूण काळे ठिपके नाहीच. त्याच्या अंगावर काळ्या ठिपक्यांच्या मधे मधे पांढरट, वेडेवाकडे, आकाराने मोठे डाग असतात. चुन्याच्या पाण्याचे शिंतोडे उडावेत तसे. काळे ठिपके आणि पांढरे डाग दोन्ही एकाच अंगावर दिसले तर मलबारिकस. कॉयोइड्सवर असे पांढरे डाग नसतात.

गोंधळ होतो तो मासा बर्फात गेल्यावर. नारिंगी रंग टिकत नाही. जिवंत असताना केशरी दिसणारा ठिपका बर्फातून काढल्यावर तपकिरी दिसतो, दुसऱ्या दिवशी आणखी गडद. त्यामुळे सकाळी बोटीवर 'मादी' ठरवलेला मासा संध्याकाळी बाजारात 'नर' ठरतो, एवढी ही पद्धत कच्ची आहे. जेट्टीवर लिलावात पडलेला मासा ओळखायचा असेल तर ठिपक्यांच्या छटेवर भिस्त ठेवू नका. पांढरे डाग आहेत का ते बघा, ठिपके सारख्या आकाराचे आहेत की लहानमोठे ते बघा, आणि तरी शंका राहिली तर 'दोघांपैकी एक' असं म्हणून थांबा. कोणी म्हणेल, कल्ल्याच्या कमानीवरचे काटे मोजा. मोजता येतात, पण या दोन जातींत ते आकडे एकमेकांत मिसळतात. पहिल्या कमानीच्या खालच्या भागावर पंधरा काटे मिळाले तर मासा दोघांपैकी कोणताही असू शकतो. तिथे वेळ घालवून हाती काही लागत नाही.

पट्टे असतील तर पिल्लू

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात जो हेकरू सगळ्यात जास्त येतो, तो पट्टेवाला. एपिनेफेलस डायाकॅन्थस त्याचं नाव. गाळाच्या आणि वाळूच्या तळावर, दहा-बारा मीटरपासून शंभर मीटरच्या पुढेपर्यंत तो सापडतो. त्याच्या अंगावर पाच रुंद, गडद, उभे पट्टे असतात: चार पाठीवरच्या पराखाली (पर म्हणजे माशाचा पोहण्याचा पंख), पाचवा शेपटीच्या देठावर. ठिपके नसतात. आणि हा मासा 55 सेंटिमीटरच्या आसपासच थांबतो. म्हणजे ज्याला लोक 'पिल्लू' म्हणतात तो अनेकदा पूर्ण वाढलेला, अंडी धरलेला मासा असतो.

दावा पसरण्यामागे एक निरीक्षण आहे, ते मान्य करायला हवं. कॉयोइड्स आणि मलबारिकस यांच्याही अंगावर पाच गडद पट्टे असतात आणि लहान माशांत ते जास्त उठून दिसतात. पण ते पट्टे सरळ उभे नसतात. तिरके असतात, आणि पोटाकडे जाताना त्यांना फाटा फुटतो, उलट्या इंग्रजी 'वाय'सारखा. शिवाय त्यांच्यावर ठिपके असतातच. डायाकॅन्थसचे पट्टे उभे, फाटा न फुटणारे. पट्टे आहेत की नाहीत, एवढंच विचारलं तर हे तिन्ही मासे एका टोपलीत पडतात. पट्टे कसे आहेत हे विचारलं तर लगेच वेगळे होतात.

इथेच एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण चित्रातल्या सगळ्या चुकांचं मूळ तिच्यात आहे. हेकरूचा नक्षीदार रंग हा कायमचा नसतो. गळाला लागून वर येणारा कॉयोइड्स पाण्याच्या पृष्ठभागावर दिसतो तेव्हा पट्टे गडद असतात. बोटीत घेऊन गळ सोडवेपर्यंत ते पुसट होतात. ओल्या गोणपाटाखाली ठेवला आणि थोड्या वेळाने गोणपाट उचललं, तर अंग जवळजवळ एकरंगी फिकट झालेलं असतं, आणि जिथे गोणपाटाची घडी घट्ट बसली होती तिथे वेगळीच छटा. मासा घाबरला, चिडला, खडकाच्या सावलीत गेला, वाळूवर आला, की कातडीतल्या रंगपेशी आकसतात किंवा फुलतात आणि नक्षी बदलते. मेल्यावर पुन्हा बदलते. डायाकॅन्थसचेही पट्टे कधी कधी पूर्ण नाहीसे दिसतात, आणि तेव्हा तो मळकट तपकिरी, अनोळखी मासा वाटतो.

म्हणून या माशाला ओळखायची खात्रीची जागा पट्टे नव्हे, गाल. कल्ल्याच्या मोठ्या झाकणाच्या अलीकडे, गालाच्या मागे एक हाड असतं. त्याच्या मागच्या कडेवरून अंगठा खालच्या कोपऱ्यापर्यंत सावकाश न्या. एपिनेफेलस हेकरूंत ही कड करवतीसारखी दातेरी लागते. कॉयोइड्समध्ये कोपऱ्याजवळचे दाते इतरांपेक्षा थोडे मोठे असतात, इतकंच. डायाकॅन्थसमध्ये मात्र कोपऱ्यावर मोजकेच पण ठळक, जाड काटे बाहेर आलेले असतात. डोळे मिटूनही कळतात. गालावरच्या या काट्यांमुळेच तो इतरांपासून वेगळा पडतो. हात ओला आणि मासा जिवंत असेल तर सांभाळून, कारण हे काटे अंगठा फाडतात. रंग गेला, बर्फात राहिला, पट्टे पुसले, तरी हाड बदलत नाही.

वयानुसार नक्षी बदलणाऱ्या जाती आहेत, नाही असं नाही. एपिनेफेलस लॅटिफॅसिएटसच्या लहान माशावर डोक्यापासून शेपटीकडे जाणारे दोन रुंद पांढरे आडवे पट्टे असतात, काळ्या कडांचे. मोठा झाल्यावर ते विरतात, आणि पाठीवरच्या पराच्या व शेपटीच्या काळ्या ठिपक्यांवरून ओळख पटवावी लागते. पण ते पट्टे आडवे आहेत, आणि ती जात निराळी आहे. एका जातीत जे घडतं ते सगळ्यांना लावलं, की असं चित्र तयार होतं.

शेपूट सगळ्यांची गोल

कॉयोइड्स, मलबारिकस, डायाकॅन्थस यांची शेपूट गोल असते हे खरं. म्हणूनच जी गोल नाही ती लगेच लक्षात यायला हवी.

थोडं बाहेर, खडपाच्या (पाण्याखालच्या खडकाळ भागाच्या) कडेला किंवा कठीण तळावर गरी टाकली की अंगभर दाट तपकिरी ठिपक्यांचा एक हेकरू लागतो. चित्राच्या हिशेबाने तो 'मादी'. त्याची शेपूट पंख्यासारखी उघडून बघा. मागची कड सरळ कापल्यासारखी किंवा किंचित आत गेलेली, आणि त्या कडेला स्पष्ट पांढरी किनार असेल तर तो एपिनेफेलस अ‍ॅरिओलेटस. लहानखुरा मासा, अर्ध्या मीटरच्याही आत राहणारा. त्याच्याशी हमखास गल्लत होते ती एपिनेफेलस क्लोरोस्टिग्माची. त्याचीही शेपूट सरळ किंवा जराशी आत वळलेली, पण ठिपके आणखी बारीक आणि इतके दाटीने की मधली फिकट जागा जाळीसारखी दिसते. तो वाढतोही जास्त, पाऊण मीटरपर्यंत. एपिनेफेलस ब्लीकेराय तर शेपटीवरूनच ओळखावा. अंगावर पिवळट-नारिंगी ठिपके, शेपटीचा वरचा तिसरा हिस्सा तसाच ठिपकेदार, आणि खालचे दोन हिस्से गडद, जांभळट काळपट, ठिपक्यांशिवाय. इतकी सोपी खूण दुसऱ्या कुठल्या हेकरूला नाही, आणि चित्र सांगतं शेपटीकडे बघू नका.

मासा बोटीत आल्यावर शेपूट गुंडाळलेली, चुरगळलेली असते. गुंडाळलेली सरळ शेपूट गोल दिसते. दोन बोटांनी वरचा आणि खालचा काटा धरून ती पूर्ण ताणा, मगच ठरवा.

लाल म्हणजे तांबोशी

लाल हेकरू असतात. सेफॅलोफोलिस सोनराटाय हा सरळ तांबडा, अंगावर बारीक ठिपके असलेला मासा आहे. खोल पाण्यातून येणारे इतर हेकरूही उथळ पाण्यातल्या भाईबंदांपेक्षा जास्त तांबूस दिसतात.

तांबोशीपासून हेकरू वेगळा काढायला रंग लागतच नाही. तोंड मिटलेलं असताना वरच्या जबड्याचं मागचं रुंद हाड बघा. तांबोशीत ते डोळ्याखालच्या हाडाच्या आत सरकतं आणि बरंचसं झाकलं जातं. हेकरूत ते पूर्ण उघडं राहतं, तोंड मिटलं तरी दिसतं. कल्ल्याच्या झाकणावर मागच्या बाजूला हेकरूला तीन चपटे काटे असतात. सेफॅलोफोलिस आणि एपिनेफेलस यांतला फरकही मोजून कळतो: पहिल्याच्या पाठीवरच्या परात नऊ कडक काटे, दुसऱ्याच्या आपल्याकडच्या बहुतेक जातींत अकरा. पर पूर्ण उभा करून मोजा, पहिला काटा आखूड असतो आणि कातडीत दबून राहिला तर मोजण्यातून सुटतो.

वीस किलोच्या वर म्हणजे राक्षसी हेकरू

या एका वाक्यामुळे कायदा मोडला जाऊ शकतो, आणि उलट कायदेशीर माशाबद्दल विनाकारण भीतीही पसरते. म्हणून त्याच्यावर नीट बोलायला हवं.

राक्षसी हेकरू म्हणजे एपिनेफेलस लॅन्सिओलेटस. पावणेतीन मीटरपर्यंत आणि 400 किलोपर्यंत वाढणारा, प्रवाळी समुद्रातल्या हाडांच्या माशांतला सगळ्यात मोठा. भारतात तो 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतला गेला. असा मासा गळाला लागला तर बाजूला ठेवून फोटो काढत बसायचं नाही, शक्य तेवढ्या लवकर परत सोडायचा.

पण वजन ही त्याची खूण नव्हे. मलबारिकस वीस किलोच्या पुढे आरामात जातो, संदर्भग्रंथांत त्याच्या 150 किलोपर्यंतच्या नोंदी आहेत. कॉयोइड्सही मीटरभर लांबीचा होतो. वीस किलोच्या माशाला 'राक्षसी' म्हणून घाबरून टाकून देणारे आहेत. त्याहून वाईट म्हणजे सात-आठ किलोचा खरा लॅन्सिओलेटस 'वीसच्या आत आहे, चालतो' म्हणून बर्फात जातो. संरक्षण पिल्लालाही आहे. संरक्षणाची खरी गरज त्यालाच आहे, कारण हा मासा वयात यायला बरीच वर्षं घेतो.

लॅन्सिओलेटसचं पिल्लू पिवळं असतं, त्यावर काळे, वेडेवाकडे, रुंद पट्टे. असा पिवळा-काळा हेकरू दिसला की शंका घ्यायचं कारण नाही. मधल्या आकारात अंग करडं-तपकिरी, डागाळलेलं; पर पिवळसर, त्यांच्यावर काळे ठिपके. पूर्ण मोठा झाला की सगळा मळकट करडा, आणि परांवरचे बारीक काळे ठिपके तेवढे उरतात. मलबारिकसचे ठिपके अंगभर असतात, याचे परांवर ठळक. डोळा देहाच्या मानाने बारीक आणि दोन डोळ्यांमधलं कपाळ रुंद, सपाट. पाठीवरच्या पराचा काट्यांचा भाग बुटका आणि मागचा मऊ भाग त्याच्यापेक्षा उंच. ही शेवटची खूण मला सगळ्यात उपयोगी वाटते, कारण ती बाजूने, मासा पाण्यात असतानाही दिसते.

सोडताना एक काळजी. खोलातून ओढलेल्या हेकरूचा पोटातला हवेचा फुगा तट्ट फुगतो, पोट तोंडातून बाहेर आल्यासारखं दिसतं, आणि तसाच सोडला तर तो पालथा तरंगत राहतो, घारी-कावळ्यांच्या तोंडी जातो. तोंडातून आलेला फुगीर भाग सुईने टोचू नका, तो जठर असतो. जड शिसं बांधलेल्या, टोक घासून बोथट केलेल्या उलट्या गळाने जबड्याला अडकवून मासा खोल नेला आणि झटका दिला, की दाबाखाली फुगा परत आकसतो आणि तो आपला पोहत जातो.

शास्त्रीय नाव टॉव्हिना

हे नाव चित्र बनवणाऱ्याने स्वतःच्या मनाने घातलेलं नाही. जुन्या पुस्तकांत ते सापडतं, म्हणून लोकांना खात्रीचं वाटतं. 1970 आणि 1980 च्या दशकांत मत्स्यशेतीवरच्या लेखनात, आखातातल्या हमूरवरच्या (हेकरूला तिथे हमूर म्हणतात) संशोधनातसुद्धा, कॉयोइड्स आणि मलबारिकस या दोघांना सर्रास टॉव्हिना म्हटलं जायचं. दुबई-कुवेतमध्ये कामाला असलेल्या आपल्या लोकांनी तिथे जो हमूर खाल्ला, तो मुख्यतः कॉयोइड्स. हीमस्ट्रा आणि रँडल यांनी जगभरातल्या हेकरूंची जी सूची जागतिक अन्न आणि कृषी संघटनेसाठी केली आणि जी 1993 साली निघाली, तिच्यात हा घोळ स्पष्ट मांडून निस्तरला आहे.

खरा टॉव्हिना निराळा. अंग लांबट, ठिपके मोठे, मळकट नारिंगी-लाल ते तपकिरी, आणि पाठीवरच्या पराच्या शेवटच्या काही काट्यांच्या मुळाशी बहुधा एक मोठा काळा डाग, जो परातही चढलेला असतो. पाऊण मीटरच्या पुढे तो फारसा जात नाही. राहतो स्वच्छ पाण्यातल्या प्रवाळावर. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी, गढूळ पाण्यात, कांदळवनाजवळ मिळालेल्या नारिंगी ठिपक्यांच्या माशाला टॉव्हिना म्हणणं राहणीच्या जागेवरूनच पटण्यासारखं नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर आंग्रिया बँकेचं बुडालेलं प्रवाळी पठार आहे, तशा जागी हे नाव मनात आणावं, आणि तिथेही काळा डाग बघूनच.

नावाच्या चुकीचा पैशाशीही संबंध आहे. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या विशाखापट्टणम केंद्राने कॉयोइड्सचं बीज हॅचरीत तयार करून दाखवलं, आणि पिंजऱ्यात मासे वाढवणाऱ्यांसाठी ही जात महत्त्वाची झाली. पिंजऱ्यासाठी खाडीतून पिल्लं गोळा करणाऱ्याने डायाकॅन्थसची किंवा अ‍ॅरिओलेटसची पिल्लं आणून टाकली, तर तो वर्षभर खाऊ घालूनही कॉयोइड्सच्या वाढीची वाट बघत राहील. बुटकी जात वाढणार नाही, आणि दोष खाद्याला किंवा पाण्याला दिला जाईल.

चव एकच, मग नाव कशाला

चवीचा मुद्दा ज्याच्या त्याच्या जिभेवर सोडतो. ताजं, नीट बर्फात ठेवलेलं कुठलंही हेकरू तव्यावर उत्तम लागतं, त्याबद्दल वाद नाही.

पण जाती वेगळ्या म्हणजे वयात येण्याची लांबी वेगळी, नर होण्याची लांबी वेगळी. हेकरूच्या बाबतीत याचा अर्थ फार ठोस आहे. मोठे मासे ते नर. एखाद्या खडपावरून मोठेच मासे उचलत राहिलं तर तिथले नर संपतात, उरलेल्या माद्यांना जोडीदार राहत नाही, आणि पुढच्या काही हंगामांत तिथे काहीच लागत नाही. जुने तांडेल (बोटीचे प्रमुख) एखादं खडप दाखवून सांगतात की इथे पूर्वी हेकरू लागायचा, आता नाही. त्यातल्या किती ठिकाणी असं घडलं असेल हे समजायचं असेल, तर तिथे कोणती जात होती आणि कोणत्या आकाराची निघत होती याची नोंद हवी. सगळ्या डब्यांवर 'हेकरू' एवढंच लिहिलं तर पट्टेवाल्या डायाकॅन्थसची ट्रॉलरमधली मोठी आवक बघून वाटतं, हेकरू भरपूर आहे. आणि त्याच आकड्यांच्या आड मलबारिकस कमी होत जातो, तो कुणाला दिसत नाही.

ही नोंद करायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. गरीवाल्याने एका माशाचे तीन फोटो काढले तरी पुरे. पहिला डाव्या बाजूचा, पर उभे करून, शेपूट ताणून, शेजारी फूटपट्टी किंवा निदान ओळखीच्या मापाची वस्तू ठेवून. दुसरा गालाचा, इतक्या जवळून की हाडाच्या कोपऱ्यावरचे काटे दिसावेत. तिसरा शेपटीचा. फोटो मासा वर आल्याबरोबर, रंग असताना काढावेत, बर्फातून काढून नव्हे. सोबत खोली, तळ खडकाळ की गाळाचा, आणि मासा कापल्यावर आत अंडी होती की वीर्यकोश, एवढं लिहिलं तर तो फोटो मासे अभ्यासणाऱ्या कुठल्याही माणसाच्या उपयोगाचा होतो.

फिरतं चित्र पुन्हा फोनवर आलं तर पुसून टाका, असं मी म्हणत नाही. त्यातले फोटो चांगले आहेत. वरून पहिला मासा कॉयोइड्स, त्याच्याखालचा पांढऱ्या डागांचा मलबारिकस, तिसरा पट्टेवाला डायाकॅन्थस, आणि सगळ्यात खालचा, ज्याच्या शेपटीला पांढरी किनार दिसते आहे, तो अ‍ॅरिओलेटस. बाणांपुढचा मजकूर खोडून तिथे ही चार नावं लिहा आणि तसंच पुढे पाठवा.